हळदीत ठेवलेला तुकडा

आमच्या घरात मोठ्या मायचं तोंड आतून कुणीच पाहिलेलं नव्हतं. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. चुलत्याला आम्ही मोठेबाबा म्हणतो. हट्टा गावाच्या शिवारात आमचं रान आहे, घर एकत्र आहे, चूल एक आहे. या घरात बाईनं हसताना तोंडाला पदर लावायचा, जांभई आली की भिंतीकडं वळायचं, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी, दाराकडं पाठ करून बसायचं. अशा घरात बाईच्या गालात आतून काय चाललंय हे कळायचं कसं? घराचं वर्णन करायला म्हणून हे लिहीत नाही. ही माझी तक्रार आहे.

मी तंबाखूविरुद्ध पत्रकं लिहिते. हिंगोलीत आमचा पोरापोरींचा एक गट आहे. बाजाराच्या दिवशी गावोगाव उभं राहायचं, पत्रकं वाटायची, ज्याची तयारी असेल त्याच्या तोंडात बॅटरी मारून पाहायचं, डाग दिसला की दातांच्या डॉक्टरकडं पाठवायचं, हे आमचं काम. पत्रकावर वर जाड अक्षरांत इशारा आणि खाली विंचू. तो विंचू म्हणजे कॅन्सर. चित्र मीच काढलं होतं. त्याची नांगी एका माणसाच्या गालात घुसलेली दाखवली होती, आणि गटात सगळ्यांना ते फार आवडलं होतं.

पुरुष पत्रक घेतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि कोपऱ्यावर जाऊन पुडी फोडतात. बायका तर पत्रक घेतच नाहीत. बायका गुटखा खात नाहीत ना! त्या मिसरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांना घासत बसायचं. त्याला व्यसन कुणी म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. दिवसातून चार वेळा दात घासणारी बाई व्यसनी कशी? आणि आणखी एक गोष्ट आहे, जी मला कुठल्याच पत्रकात सापडलेली नाही. मिसरीचं बोट तोंडात असेपर्यंत बाईला कुणी काम सांगत नाही. भांडी घास, वैरण टाक, चहा ठेव, सगळं थांबतं. दिवसभरात तेवढीच जागा तिची स्वतःची असते. मिसरी का सुटत नाही याचं याहून खरं कारण मला माहीत नाही.

मोठी माय डाव्या गालात मिसरीची चिमूट धरून ठेवायची. गेल्या हिवाळ्यात तिनं ठेचा खायचं सोडलं. मग वरणातली मिरची बाजूला काढायला लागली. विचारलं तर, "तोंड आलंय, दुसरं काय." जिथं झोंबायचं तिथं ती अजून थोडी मिसरी लावायची, कारण लावली की जागा बधिर व्हायची. त्रास देणारी गोष्टच औषध म्हणून लावायची, असं हे चक्र.

एक दिवस मी ओसरीवर बॅटरी काढली. "मोठी माय, आ कर बरं."

"काहून? मी काय बैल हाय का दात बघून घ्यायला?"

मोठेबाबा खाटेवर बसले होते. त्यांच्यासमोर तिनं तोंड उघडणं शक्यच नव्हतं. तिला चुलीपाशी नेलं, दार लोटून घेतलं, तेव्हा कुठं तिनं पदर बाजूला केला. डाव्या गालात आतल्या बाजूला पांढरा पापुद्रा होता, दुधावरची साय चिकटावी तसा. मी बोटाला फडकं गुंडाळून पुसून पाहिला, निघाला नाही. पापुद्र्याच्या कडेला एक लाल ठिपका होता. बाजारात असा गाल दिसला की मी काय बोलते ते मला पाठ आहे. चुलीपाशी मी एवढंच म्हणाले, वसमतला दाखवून येऊ.

वसमतच्या दातांच्या डॉक्टरनं पाहिलं आणि म्हणाला, "एक लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवू." मोठेबाबांचा जीव वरखाली झाला. "चाकू लागला की पसरतंय म्हणत्यात."

डॉक्टर हसला, पण का पसरत नाही ते काही सांगितलं नाही. मीच बाहेर बाकावर बसून काय समजावायचं ते समजावलं. शेवटी मोठी माय उठून आत गेली. गाल बधिर करून मुगाच्या डाळीएवढा तुकडा काढला, टाका घातला, तुकडा एका झाकणाच्या छोट्या बाटलीत टाकला. बाटलीत पाण्यासारखं काहीतरी होतं. दवाखान्यातल्या माणसानं बाटली मोठेबाबांच्या हातात दिली. "नांदेडला लॅबमध्ये नेऊन द्या." बस्स. बाटलीवर जे काय लिहिलं होतं ते इंग्रजीत. बाटली ज्याच्या हातात द्यायची, त्यालाच वाचता येणार नाही अशा भाषेत सूचना छापायची, हा कुठला शहाणपणा? ज्यांना ती वाचता येते त्यांना सूचनेची गरजच नसते.

दुसऱ्या दिवशी मी शिरड शहापूरच्या बाजाराला गेले, तिथून पुढच्या गावांना. घरी काय घडलं ते मला नंतर कळलं, तेही उलट्या बाजूनं, नांदेडकडून.

लॅबचा निरोप आला की नमुना तपासण्याजोगा नाही, दुसरा पाठवा. माझं डोकंच फिरलं. बाईच्या गालातला तुकडा म्हणजे काय हरवलेली पावती आहे, दुसरी आणा म्हणायला? मी गाडीत बसले ते भांडायचंच ठरवून.

लॅबच्या डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. केस आखूड, आवाज खणखणीत. माझं भांडण त्यांनी उभ्यानं ऐकून घेतलं, मग आतून ती बाटली आणली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"ही हळद कुणाच्या घरची?"

बाटलीत पाण्याचा थेंब नव्हता. गच्च हळद भरलेली होती. मी म्हणाले, "आमच्या घरचं कुणी असं करणार नाही." पण म्हणता म्हणताच रंग ओळखला. विकतच्या हळदीला असा रंग नसतो.

"माझ्याकडं तुकडे मिठात आलेत," त्या म्हणाल्या, "दारूत आलेत, एकानं तर मधात आणला होता. हळदीतला हा पहिला. बस. चहा घेतेस? भांडण नंतर कर, आधी बघ."

आणि त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. तिथं मी किती वेळ होते सांगता येणार नाही. शाळेत कांद्याची साल पाहिली होती, तीही पाठीमागच्या पोरीच्या ढकलाढकलीत. हे वेगळं होतं. आधी त्यांनी मोठ्या मायचा तुकडा दाखवला. फिकट गुलाबी राड. कुठं काही ओळखू येईना, कुठं सुरू होतं, कुठं संपतं. पावसात भिजलेल्या कागदावरची शाई जशी पसरते तसं.

"यात आजार आहे का?"

"कुणास ठाऊक. मला यात पेशीच दिसत नाहीत, आजार कुठून दिसणार?"

मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. पेशी मेली म्हणजे लगेच नाहीशी होत नाही. तिच्या पोटात पचवणारे रस असतात, बारीक पिशव्यांत बंद करून ठेवलेले. जिवंत असेपर्यंत ती ते सांभाळते, गरजेपुरते वापरते. मेली की सांभाळणारं कुणी राहत नाही. पिशव्या फुटतात आणि ते रस तिलाच आतून खातात. बाहेरचे जंतू नंतर येतात, आधी हे घरातलंच सुरू होतं. शरीरातून काढलेला तुकडा म्हणजे मरत चाललेल्या पेशींचा गठ्ठा. त्याला तिथल्या तिथं थांबवावं लागतं. बाटलीतलं पाणी ते काम करतं. पेशी ज्या घडीला जशी होती तशीच तिला धरून ठेवतं.

"त्या पाण्यात तुकडा आठ दिवस राहिला असता तरी मला चाललं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "उशिरानं काही बिघडलं नाही. पाणी ओतलं म्हणून बिघडलं."

मग दुसरी काच. कुण्या बाईच्या गालाची, वेगळ्याच कारणानं काढलेली, निरोगी. खाली एक बारीक रेघ, आणि तिच्यावर गोल, भरलेल्या पेशी अगदी ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या पोटात एक निळा ठिपका. तिथंच नव्या पेशी जन्मतात. जन्मल्या की वर सरकतात, सरकता सरकता चपट्या होतात, आणि सगळ्यात वर आल्या की झडून जातात. आपल्या तोंडात हे रोज चाललेलं असतं, आपण भाकरी खात असतो, कुणाला तरी शिव्या घालत असतो, आणि आत ही रांग गुमान वर चाललेली असते.

तिसरी काच एका मिसरीवाल्या बाईची. वरचा थर जाड झालेला.

"हा आजार?"

"तू अनवाणी चाललीस तर टाच जाड होते. तो आजार का? पेशीला रोज कुणी घासतं, भाजतं, चटके देतं. ती काय करणार? पळता येत नाही तिला. ती जाड होते, संख्येनं वाढते, वरून कवच तयार करते. तुम्हाला तोंडात पांढरं दिसतं ते हे. पेशी तग धरायला बघते आहे."

चौथ्या काचेत गोंधळ होता. खालच्या ओळीतल्यासारख्या पेशी वरपर्यंत आलेल्या, कुणी मोठी, कुणी लहान, आतले ठिपके फुगलेले, काळपट. रांग मोडलेली. पण ती खालची रेघ अजून शाबूत होती. पाचव्या काचेत ती रेघही नव्हती. पेशींचे गठ्ठे तिच्या पलीकडं, खोल मांसात उतरले होते.

"रेघ ओलांडली की त्याला कॅन्सर म्हणायचं," डॉक्टर म्हणाल्या.

मी विचारलं, "पण बाहेरून काय शिरतं? म्हणजे, तो कॅन्सर येतो कुठून?"

"कुठून येत नाही. या त्याच पेशी आहेत. त्या निरोगी काचेतल्याच. तंबाखूनं त्यांच्या आतला हुकूम बिघडवला. वाढ म्हणणारं राहिलं, थांब म्हणणारं गेलं."

मला माझा विंचू आठवला. गालाच्या बाहेरून आलेला, काळा, नांगी उगारलेला. या पाचही काचांत विंचवासारखं काहीच नव्हतं. आम्हा पत्रक लिहिणाऱ्यांना शत्रू लागतो. शत्रूशिवाय वाक्यच पुढं सरकत नाही. आणि इथं ज्याला मी शत्रू म्हणत आले तो त्या बाईचाच गाल निघाला. सोसून सोसून चुकलेला. परतीच्या वाटेवर मी खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि मला कुणावर चिडावं ते कळेना. मग कळलं. पेशी निर्दोष आहे म्हणून सगळेच निर्दोष होत नाहीत. ती तंबाखू पिकवून, भाजून, गोड वासाच्या पुड्यांत भरून विकणारे आहेतच. बाईला चार घटका निवांत बसायला मिसरीशिवाय दुसरं निमित्त न ठेवणारे आपण आहोत. बाटलीवर इंग्रजी छापणारे आहेत. राग शाबूत आहे माझा, फक्त त्याचा पत्ता बदलला.

पण रागाहून मोठी एक गोष्ट मी बरोबर घेऊन आले होते. निघताना डॉक्टरांनी सांगितली. त्रास थांबला तर पेशी परत फिरू शकते. जाडपणा उतरतो, थोडा गोंधळसुद्धा कधीकधी निवळतो. पण पुढं एक जागा येते, तिथून परत फिरता येत नाही. मोठ्या मायचा गाल त्या जागेच्या अलीकडं आहे की पलीकडं, हे बॅटरीनं कळणार नाही. त्याला तुकडा लागेल. दुसरा, आणि नीट ठेवलेला.

घरी कुणी नव्हतं. सगळे आखाड्यावर होते, म्हणजे शेतातल्या आमच्या झोपडीपाशी. शिजवलेली हळद उन्हात पसरली होती, मोठी माय दाताळ्यानं ती वरखाली करत होती. मोठेबाबा झाडाखाली बसून तंबाखूला चुना चोळत होते. गळ्यात तुळशीची माळ, हातात तंबाखू. घरात अंड्याचं टरफल येत नाही आमच्या, तंबाखूला मात्र कुणी अडवत नाही.

मी सरळच विचारलं, "बाटलीतलं पाणी कुणी ओतलं?"

"म्या वतलं," मोठेबाबा म्हणाले, अगदी निवांत. "काहून?"

मग कळलं ते असं. मांसाची बाटली माळकऱ्याच्या घरात ठेवायची नाही म्हणून त्यांनी ती आखाड्यावर खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी नांदेडला जायचं, तर सकाळीच बॉयलर रानात आला. हळद शिजवायचं ते यंत्र भाड्यानं रानोरान फिरतं, पाळी चुकली की ओली हळद पडून राहते. मग काही दिवस शिजवण्यात गेले, ते आटोपल्यावरच बाटली नांदेडला पोचली. मधे त्यांनी बाटली नीट आहे का म्हणून झाकण उघडलं.

"आगं, कसं झोंबत व्हतं ते! डोळ्यातून पाणीच पाणी. फवारणीच्या औषधावानी. म्या म्हन्लं, हे तर त्या तुकड्याला खाऊन टाकीन. वतून दिलं, तुकडा चांगला धुतला आन् आपल्या हळदीत ठिवला. हळदीत काय नासतंय का? कीड लागत न्हाई तिला."

आयुष्यभर हळद पिकवलेला माणूस आपल्याकडची सगळ्यात भरवशाची वस्तू बायकोच्या तुकड्याला लावतो, यात आळस नाही, हेळसांड नाही. त्या बाटलीवर मी मराठीत एक ओळ लिहिली असती तर... पण ती माझ्या हातात नव्हती, आणि ज्यांच्या हातात होती त्यांनी लिहिली नाही.

"मोठेबाबा, हळद शिजवली न्हाई तर काय होतं?"

"काय व्हनार? कोंब फुटत्यात. न्हाईतर सडती. जित्ती असती ती."

"शिजवली की?"

"मंग थांबती. वाळवून ठिवा किती बी."

"ते झोंबणारं पाणी तेच करतं. तुकडा आहे तसा थांबवतं. न्हाईतर तो आतूनच सडतो."

ही तुलना थोडी लंगडी आहे हे मला माहीत आहे. पण मोठेबाबांचा हात तंबाखूवर थांबला. ते पसरलेल्या हळदीकडं बघत राहिले.

"म्हंजी म्या तुकडा कच्चाच ठिवला," ते म्हणाले.

"झालं का शिजवून तुमचं?" मोठी माय हळदीतूनच बोलली. दाताळं तसंच चालू होतं. "तुकडा माजा व्हता म्हणून इचारते."

तिनं दाताळ्यानं एक ढीग मोडला आणि माझ्याकडं पाहिलं.

"आता परत द्यावा म्हणून आलीस ना? न्हाई द्यायची. एकदा दिला. नासवला ह्यांनी, दुखणार मला. बराबर हाय का हे?"

बरोबर नव्हतंच. मी तसं म्हणाले. म्हणाले, तुझं म्हणणं खरं आहे, तरी दे. मग माझं नेहमीचं सुरू झालं, तंबाखूनं काय होतं, उशीर केला तर काय होतं, आवाज चढत गेला. तिनं दाताळं टेकवलं.

"हे बघ माय, मला भेव घालू नको. तुज्या कागदावरचा तो इंचू घरात येऊन पडला तवाच म्या गाल चाचपला व्हता. इंचू बघून म्हन्लं, हे आपल्या गालात बसलंच हाय, तर आता दाखवून काय करायचं? मरायचंच तर ठेचा सोडून गुमान मरू. म्हणून बोलले न्हाई कुणाला."

तापलेल्या हळदीचा वास नाकात बसला होता. मी विंचू बाजूला ठेवला आणि तिला काचांमध्ये जे पाहिलं ते सांगितलं. रेघ, रांग, जाड झालेला थर. पेशी पळत नाही, तग धरते हे. आणि परत फिरायची जागा. भीती घालायला यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं, म्हणूनच कदाचित तिनं ऐकून घेतलं.

मोठेबाबा मधेच म्हणाले, "पर चाकू परत परत लावायचा म्हंजी..."

ती त्यांच्याकडं वळली. "हळदीचं बेणं घेताना काय करता हो तुमी? वरून चांगलं दिसतंय म्हणून पोतं उचलता?"

"कापून बघतो."

"कापल्यानं पसरती का कंदकुज?"

मोठेबाबांनी तंबाखू ओठात टाकली.

ती पुन्हा माझ्याकडं. "परत फिरतंय का न्हाई, ते कळंल त्या तुकड्यावरून?"

"कळंल. नीट ठेवला तर."

"मंग बाटली माज्या हातात द्यायची. ह्यांच्या न्हाई, तुज्या बी न्हाई. आन् माज्या गालाचा कागद काढायचा न्हाई गावभर. लिवायचं तर नाव घालू नको."

वसमतला पुन्हा गेलो. या खेपेला बाटली तिनं डॉक्टरच्या हातातूनच घेतली आणि विचारलं, "हे झोंबणारंच पाणी हाय ना?" तो दचकलाच. मी बाटलीवर मराठीत चिकटपट्टी लावली: उघडू नका, ओतू नका. तिथूनच थेट नांदेडची एसटी धरली. मोठी माय बाटली पदरात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. गाल सुजलेला, बोलताना शब्द जड येत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकीला लोणचं का?"

"न्हाई. माजा गाल हाय."

ती बाई उतरेपर्यंत खिडकीला चिकटून बसली होती. मोठी माय मात्र हसली, आणि हसताना तिला पदर लावता आला नाही, कारण पदरात बाटली होती.

निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत घरात कुणी मिसरीचं नाव काढलं नाही, ठेच्याचं काढलं नाही. मोठी माय रानात जायची, यायची. एकदा तिनं मला विचारलं, "ती रेघ किती जाड असती गं?" मी म्हणाले, अगदी बारीक, सुताहून बारीक. ती "हां" म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

लॅबच्या डॉक्टरांनी मला काच दाखवली. तिचाच गाल, यावेळी स्वच्छ, गुलाबी-निळा. रांग खालच्या अर्ध्या भागात मोडलेली होती. ठिपके फुगलेले होते. वर जाड कवच होतं. आणि रेघ होती. मी तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं चालत गेले, मग पुन्हा उलटी आले. कुठंही तुटली नव्हती.

"हा कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण बरंही नाही. चट्टा पूर्ण काढावा लागेल, आणि तोंड दाखवत राहावं लागेल, कायमचं. तंबाखू सुटली नाही तर पुढचं मी सांगत नाही, तूच बघितलंयस."

चट्टा काढला. काही दिवस तिनं पातळ भातावर काढले. मी तिला विचारलं, मिसरी सुटली का? ती म्हणाली, "सुटली म्हणत न्हाई. आज लावली न्हाई, येवढं सांगते." दुसऱ्या दिवशीही तिनं हेच सांगितलं. मी आजवर लिहिलेल्या कुठल्याही घोषणेपेक्षा या वाक्यावर माझा जास्त भरवसा आहे. दुपारी ती अजून ओसरीच्या त्याच कोपऱ्यात बसते, बडीशेप चघळत, आणि कुणी काम सांगितलं तर म्हणते, "बसलेय, दिसत न्हाई का?" घराला याची सवय व्हायला जड जातंय. जाऊ दे जड.

पत्रक मी नवं केलं. विंचू काढला. त्याच्या जागी काय घालायचं यावर गटात खूप वाद झाला, शेवटी बाटलीचं चित्र घातलं आणि खाली ठळक लिहिलं की हे पाणी ओतू नका. गटातला एकजण म्हणाला, यात जोर नाही. नसेल.

तोंड दाखवत राहायचं म्हणून आता मी घरी आले की बॅटरी निघते. पहिल्या वेळी मी सवयीनं चुलीकडं निघाले होते. मोठी माय ओसरीवरच बसून राहिली. "हितंच बघ. उजेड हाय." आणि तिनं आ केला. मोठेबाबा खाटेवरून उठले, जवळ आले, वाकले, गुडघ्यावर हात ठेवून माझ्या खांद्यावरून आत बघू लागले. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. गालातली काढलेली जागा भरून आली होती, गुलाबी, जराशी ताणलेली. पांढरं कुठं नव्हतं.

"त्ये निळं काय हाय जिभीखाली?" त्यांनी घाबरून विचारलं.

मोठ्या मायनं तोंड मिटलं. "शीर हाय ती. तुमाला बी असंल."

मग तिनं माझ्या हातातून बॅटरी घेतली, आणि त्यांच्या फुगलेल्या खालच्या ओठावर उजेड धरला.

"बसा खाली. आता तुमी आ करा."

मोठेबाबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग ओसरीच्या कडेला जाऊन बोटानं ओठातली तंबाखू काढली, चूळ भरली, पुन्हा भरली. ती बॅटरी चालू ठेवून बसली होती.